गाडीतला अबोला

यंदाच्या अंकाचा विषय ‘अबोला’, असं संपादकांनी ज्येष्ठातच फोन करून सांगितलं. वर त्यांच्या पद्धतीनं पुस्ती जोडली, “नवरा-बायको नकोत, भाऊबंदकी नको. ते बाकीचे लिहिताहेत.” फोन ठेवल्यावर मी आठवडाभर नुसतीच घुटमळत होते. मग आषाढातल्या एका रविवारी आमच्या सोसायटीतल्या बाई टोइंगच्या ट्रकमधून घरी आल्या. त्या पुढे ड्रायव्हरशेजारी आणि त्यांची गाडी मागे, ट्रकच्या पाठीवर.

बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. माहेर वाईचं. महिन्यातून दोनदा एकट्या गाडी चालवत तिकडे जातात. गाडी हायब्रिड, म्हणजे पेट्रोलचं इंजिन आणि विजेची मोटर अशी दुहेरी. खंबाटकीचा चढ निम्मा झाला आणि समोरच्या पॅनेलवर एकेक करत दिवे लागले. आधी इंजिनचा पिवळा, मग ब्रेकचा, मग स्टिअरिंगचा, मग तांबडा त्रिकोण. दिवाळीची माळ परवडली. खाली अक्षरं उमटली : हायब्रिड यंत्रणेत बिघाड, गाडी सुरक्षित जागी थांबवा.

“खंबाटकीत सुरक्षित जागा असते कुठं?” बाईंचा सवाल. त्यांनी गाडी बॅटरीच्या जोरावर कशीबशी रुंद कडेला नेली, बंद केली, दहा मिनिटांनी चालू केली. सगळे दिवे गेलेले, जणू काही झालंच नव्हतं. पुढच्या चढाला पुन्हा तेच.

अशी ही तिसरी वेळ. पहिल्या खेपेला एका सर्व्हिस सेंटरनं दिवे घालवून गाडी परत दिली होती. दुसऱ्या खेपेला कागद हातात ठेवला : इंजिनचा कॉम्प्युटर बोलत नाही, बदलावा लागेल. आकडा लाखाच्या घरातला. बाईंनी तो कागद माझ्यापुढे धरला आणि मी ‘बोलत नाही’ या शब्दांपाशी थबकले. संपादकांचा लेख खालीच, पार्किंगमध्ये उभा होता.

तक्रार करणारे आणि गप्प बसलेला

धायरी फाट्यावरून आत गेलं की एक पत्र्याची शेड आहे. पाटी नाही, कारण लागत नाही. मालकांना सगळे मामा म्हणतात. दापोडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये अप्रेंटिस म्हणून त्यांचा हात बसला. चालत्या इंजिनला लांब स्क्रू-ड्रायव्हर टेकवून त्याची मूठ कानाशी धरायची आणि कुठला टॅपेट वाजतोय ते सांगायचं, ही त्यांची शाळा. आता शेडच्या कोपऱ्यात लॅपटॉप आहे, स्कॅनर आहे, आणि औंधच्या आयटीआयमधून आलेला एक पोरगा आहे, ज्याला मामा कौतुकानं आणि रागानंही ‘इंजिनियर’ म्हणतात.

बाईंची गाडी तिथं नेली. पोरानं स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या कपलरला स्कॅनर लावला. कोड दिसले तसा त्याचा अंगठा ‘इरेज’कडे वळला.

“हात लावू नकोस,” मामा म्हणाले. “पंचनामा व्हायच्या आधी जागा धुतोस होय रे?”

गाडीतला कॉम्प्युटर एकच असतो असा माझा समज होता. पोरानं मोजून दाखवले : इंजिनचा वेगळा, हायब्रिड यंत्रणेचा वेगळा, ब्रेकचा, स्टिअरिंगचा, एअरबॅगचा, मोठ्या बॅटरीवर लक्ष ठेवणारा, पॅनेलचा. प्रत्येकाची आपापली वही. काही बिनसलं की जो तो आपल्या वहीत कोड लिहून ठेवतो. पी अक्षरानं सुरू होणारा कोड इंजिन-गिअरच्या घराण्यातला, सी चासीचा, बी बॉडीचा. आणि यू म्हणजे आपसातल्या बोलण्याचा.

बाईंच्या गाडीत हायब्रिडच्या वहीत यू-०१०० होता. ब्रेकच्या वहीत यू-०१००. स्टिअरिंगच्याही. या कोडचा ठरलेला अर्थ : इंजिनच्या कॉम्प्युटरशी संपर्क तुटला. आता इंजिनच्या कॉम्प्युटरची, म्हणजे गॅरेजच्या भाषेत ‘ईसीएम’ची, स्वतःची वही उघडली. ती कोरी. ज्याच्याविरुद्ध घरभर तक्रार, त्याचं स्वतःचं म्हणणं असं की सगळं ठीक चाललंय.

मामांनी प्लास्टिकचं स्टूल माझ्याकडे सरकवलं. “बघा मॅडम, घरातले चौघं सांगतात, थोरला बोलत नाही. आता थोरला मुका झालाय, का त्याच्या खोलीला बाहेरून कडी लागलीय, का तो बोलतोय आणि यांना लागत नाही, हे त्या चौघांना विचारून कळेल का? कोड खोटं बोलत नाही. पण कोड म्हणजे शेजाऱ्याची साक्ष. निकाल नव्हे.”

एवढी गोष्ट मात्र त्या साक्षीतून निघते. सगळे एकाविरुद्ध बोलत असतील तर त्या एकाची वायर, त्याची वीज, त्याचा अर्थ, असं बघत जायचं आणि शेवटी तो स्वतः. पण जो तो प्रत्येकाविरुद्ध बोलत असेल तर भांडण मुख्य वायरीत आहे, नाहीतर बॅटरीत. सर्व्हिस सेंटरच्या कागदावर यातली शेवटची पायरी पहिली झाली होती.

दवंडी आणि पीळ

हे कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात ते दोन बारीक वायरींवरून. पद्धतीचं नाव कॅन. जर्मनीतल्या बॉश कंपनीनं ती विकसित केली आणि १९८६ साली डेट्रॉइटच्या वाहन अभियंत्यांच्या संमेलनात मांडली. (नाशिककरांना ही कंपनी परकी नाही. तिचा तिथला कारखाना ज्या नावानं ओळखला जायचा ते नाव एका चौकाला चिकटून राहिलंय, मायको सर्कल.) त्याआधी प्रत्येक सेन्सरपासून प्रत्येक गरजवंतापर्यंत वेगळी वायर जायची. उपकरणं वाढली तशी तांब्याची जाडजूड वेणीच दारांतून, फर्शीखालून वळवावी लागू लागली. कॅननं सगळ्यांना एकाच जोडवायरीवर आणून बसवलं.

या वायरीवर पत्र जात नाही, दवंडी पिटली जाते. इंजिनचा कॉम्प्युटर ‘ब्रेकला सांगा’ असं म्हणत नाही. तो नुसतंच जाहीर करतो : इंजिनचा वेग इतका, पाण्याचं तापमान इतकं. ज्याला गरज असेल त्यानं ऐकावं. दोघांनी एकदम तोंड उघडलं तर? प्रत्येक दवंडीला एक क्रमांक असतो आणि लहान क्रमांकाचा मान मोठा. दोघं एकेक बिट बोलत जातात. ज्याचा क्रमांक मोठा त्याला मध्येच कळतं की आपल्या आवाजावर दुसऱ्याचा आवाज बसलाय. तो तिथंच थांबतो आणि वायर मोकळी झाली की पुन्हा बोलतो. थोरल्याचं वाक्य तुटत नाही, धाकट्याचं वाया जात नाही. आमच्या टीव्हीवरच्या चर्चांना ही पद्धत कुणीतरी शिकवावी.

आणखी एक नियम मला फार आवडला. बोलताना वारंवार चुकतोय हे कळलं की प्रत्येक कॉम्प्युटर आपल्याच चुका मोजत जातो. मोजणी २५५च्या वर गेली की तो स्वतःहून वायरीवरून उठतो. बाकीच्यांचा खोळंबा नको म्हणून. म्हणजे अबोला कधी कधी सौजन्यातून आलेला असतो.

काही दवंड्या दर दहा-वीस मिलिसेकंदांनी ठरलेल्या. ऐकणारा घड्याळ लावून बसलेला. ठरलेल्या वेळेत आवाज आला नाही, पुन्हा आला नाही, की तो वहीत यू-०१०० लिहितो. तक्रार शिवीची नसते, न आलेल्या आवाजाची असते.

त्या दोन वायरी एकमेकींना पीळ देऊन नेलेल्या असतात. एकीवरचा दाब अडीच व्होल्टवरून साडेतीनवर चढतो त्याच क्षणी दुसरीवरचा दीडवर उतरतो. ऐकणारा दोघींतला फरक तेवढा पाहतो. बाहेरचा गोंगाट दोघींवर सारखाच पडतो, म्हणून फरकात तो वजा होऊन जातो. हायब्रिडमध्ये हा गोंगाट मोठा, कारण शेजारीच शेकडो व्होल्टची वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत असते. सुंभ जळतो पण पीळ जळत नाही, असं आपण हट्टी माणसाला म्हणतो. इथं उलट आहे. कुणीतरी तुटलेली वायर जोडताना हातभर पीळ उलगडून ठेवतो, वर काळी टेप गुंडाळतो. सुंभ शाबूत असतो, पीळ गेलेला असतो, आणि सहा महिन्यांनी गाडी अधूनमधून मुकी होऊ लागते.

मामांनी दोन्ही वायरींचं चित्र पडद्यावर दाखवलं. पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून आणलेला तळहाताएवढा ऑसिलोस्कोप. वरची रेघ उसळते तिथं खालची दबते. तळ्याकाठच्या देवळाची शिखरं आणि पाण्यातली त्यांची सावली असावी तसं.

ज्या गाडीला ‘सेल्फ’ नाही

साध्या गाडीत ईसीएम मेला तर इंजिन बंद पडतं आणि गोष्ट संपते. हायब्रिडमध्ये ती तिथं सुरू होते, कारण इंजिन इथं घरातला कर्ता नाही. पायाखालचा अॅक्सिलरेटर इंजिनपर्यंत थेट पोचतच नाही. पायाची मागणी हायब्रिडचा कॉम्प्युटर ऐकतो, मोटरनं किती द्यायचं, इंजिनानं किती, याची वाटणी करतो आणि मग ईसीएमला सांगतो : मला इतकी ताकद दे. ईसीएमनं ‘दिली’ म्हणून उत्तर द्यायचं. उत्तर आलं नाही तर हायब्रिडचा कॉम्प्युटर इंजिनवर विश्वास ठेवत नाही. हातात राहते बॅटरी, आणि ती फार लहान. टोयोटाच्या दुसऱ्या पिढीच्या प्रियसमधली बॅटरी २०१.६ व्होल्टची, पण साठवण जेमतेम १.३ युनिट. आपल्याकडे २०२२मध्ये आलेल्या ग्रँड व्हिटारा आणि हायरायडरच्या हायब्रिडमध्ये तर पाऊण युनिटच्या आसपास. एवढ्या पुंजीवर कडेला जाऊन थांबायचं, वाईला पोचायचं नाही.

जुन्या मेकॅनिकची खरी पंचाईत वेगळीच आहे. टोयोटाच्या हायब्रिडमध्ये ‘सेल्फ’च नाही. किल्ली फिरवली, सेल्फ कुरकुरला, इंजिन धडधडलं, हे नाट्यच गेलं. विजेची एक मोटरच इंजिनला फिरवून जागं करते, तेही गाडीला गरज वाटेल तेव्हा. उभी गाडी ‘रेडी’ असा हिरवा दिवा दाखवत शांत बसलेली. कान लावणार कशाला? इंजिन सलग चालत ठेवायचं तर गुप्त खूण करावी लागते. प्रियसमध्ये ती अशी : इग्निशन चालू, पार्कमध्ये अॅक्सिलरेटर दोनदा पूर्ण दाबायचा, न्यूट्रलमध्ये दोनदा, पुन्हा पार्कमध्ये दोनदा, हे सगळं एका मिनिटाच्या आत. मग गाडी चालू केली की इंजिन सुरू राहतं. देवळात प्रदक्षिणा मोजाव्यात तसं मामा हे तोंडानं मोजत करतात. बाईंच्या गाडीची खूण निराळी होती. पोरानं ती स्कॅनरवरून दिली.

या गुंत्यानं गाडी बनवणाऱ्यांनाही सोडलं नव्हतं. जगातली पहिली मोठ्या प्रमाणावर बनलेली हायब्रिड म्हणजे प्रियस, डिसेंबर १९९७मध्ये जपानात विकायला आली. तिचा पहिला नमुना १९९५च्या अखेरीस तयार झाला तेव्हा ४९ दिवस हललाच नाही. हलला तेव्हा साधारण ५०० मीटर गेला. मोटर बरी, इंजिन बरं, बॅटरी बरी, पण सगळ्यांनी एकमेकांशी जमवून घ्यायचं शिकायचं होतं. मी हे सांगितलं तेव्हा मामांना फार बरं वाटलं. “४९ दिवस? आणि गिऱ्हाईक मला म्हणतं, संध्याकाळी न्यायला येऊ का.”

डिक्कीतली धाकटी

मामांनी आधी पाहिली ती छोटी बॅटरी. हायब्रिडमध्ये दोन असतात. थोरली शेकडो व्होल्टची, तिची सगळे काळजी करतात. धाकटी आपली नेहमीची १२ व्होल्टची, बऱ्याचदा डिक्कीत कोपऱ्यात. सगळे कॉम्प्युटर जागे होतात ते धाकटीवर. थोरलीचं दार उघडणारे रिलेसुद्धा धाकटीच्याच जोरावर बसतात.

साध्या गाडीत बॅटरी मरायला टेकली की सेल्फ दमून कुंथतो, आठवडाभर आधी सूचना मिळते. हायब्रिडमध्ये धाकटीवर ते ओझंच नाही, म्हणून तिचं दुखणं कळत नाही. एका सकाळी दाब जरासा खाली येतो, अर्धे कॉम्प्युटर जागे होतात, अर्धे पेंगतात, आणि जागे झालेले पेंगणाऱ्यांविरुद्ध वहीभर यू-कोड लिहून ठेवतात. कागदावर वाटावं गाडीचा मेंदूच गेला.

माझा मावसभाऊ कॅलिफोर्नियात असतो. एका डिसेंबरात भाच्याच्या लग्नासाठी पाच आठवडे इकडे आला आणि परत गेला तर त्याची जुनी हायब्रिड मुकी. बॅटरी मागे, डिक्कीत. डिक्कीचं दार उघडतं विजेच्या बटणावर. वीज बॅटरीत. तिजोरीची किल्ली तिजोरीत! तासभर मागच्या सीटवरून डिक्कीत रांगण्याची कसरत केल्यावर शेजाऱ्यानं पुढचं बॉनेट उघडून फ्यूजच्या डब्यातलं एक लाल टोपण दाखवलं. बाहेरून वीज द्यायची जागा तिथं खास ठेवलेली असते. गाडीसोबतच्या पुस्तकात हे चित्रासकट दिलेलं होतं.

बाईंची धाकटी मात्र ठणठणीत निघाली. १२.६ व्होल्ट, आणि गाडी ‘रेडी’ केल्यावर १४ला पोचली.

साठ

आता बॅटरीची मायनस काढून मामांनी साधा मल्टिमीटर घेतला. ओहमवर लावला. स्टिअरिंगखालच्या त्याच सोळा पिनांच्या कपलरमध्ये सहा आणि चौदा या पिनांवर टोकं टेकवली.

साठ.

कॅनच्या वायरीच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रोध बसवलेला असतो, आवाज टोकावर आपटून परत फिरू नये म्हणून. दोन्ही जागेवर असले की बाहेरून मोजताना ६० भरतात. १२० दिसले तर एक टोक तुटलं. शून्याजवळ दिसलं तर दोघी वायरी कुठंतरी एकमेकींना चिकटल्या.

“म्हणजे वायर चांगली?” मी विचारलं.

“थांबा ताई.” चहा एव्हाना झाला होता, मी मॅडमची ताई झाले होते. मामांनी बॉनेटखाली हात घालून ईसीएमचा कपलर सोडवला. पोरगा आतून ओरडला, “एकशेवीस!” कपलर परत बसवला. “साठ!”

मामांच्या तोंडावर पहिल्यांदा हसू आलं. बाईंच्या गाडीत, बऱ्याच गाड्यांत असतो तसा, दोनपैकी एक रोध ईसीएमच्या डब्यातच आहे. रोधाला बोलायला वीज लागत नाही. तो नुसता असतो. त्यानं साठ भरून दाखवले म्हणजे वायर डब्याच्या आतपर्यंत अखंड पोचते. कडी बाहेरून लागलेली नाही. राहिली वीज आणि राहिला अर्थ.

मायनस परत जोडून पाहिलं. वीज बरोबर होती. मग अर्थ. ईसीएमच्या अर्थच्या पिनपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत पोरानं मीटर ‘पीं’वर लावला. खणखणीत वाजला. “अर्थ ओके,” पोरगा म्हणाला. सर्व्हिस सेंटरच्या कागदावरही तेच होतं.

मामा काही बोलले नाहीत. त्यांनी इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब काढला. त्याला दोन वायरी आधीच डाग दिलेल्या. एक बॅटरीच्या प्लसला, दुसरी ईसीएमच्या त्या अर्थच्या पिनला. बल्ब लखकन पेटायला हवा होता. तो काजव्यासारखा मिणमिणला.

मीटर फार मऊ विचारतो, हे त्यातलं इंगित. त्याला उत्तर द्यायला तांब्याचा एकच तंतू पुरतो, पस्तीसपैकी चौतीस तुटले असले तरी तो ‘पीं’ करतो. बल्ब भार टाकतो, जवळपास पावणेदोन अँपिअर मागतो. एका तंतूची तेवढी ऐपत नसते.

सरकलेलं शून्य

पण मग गाडी सोसायटीच्या आवारात, सपाटीला शहाण्यासारखी का चालते? खात्री करून घ्यायला मामांनी लांब वायर जोडून मीटरचं एक टोक ईसीएमच्या अर्थला, दुसरं बॅटरीच्या मायनसला लावलं, मीटर खिडकीतून आत घेतला आणि इंजिन सलग चालेल अशी खूण दिली. अर्थ चांगला असेल तर इथं जवळजवळ शून्य दिसायला हवं. बॅटरीवर असताना ०.३ होता. इंजिन जागं झालं, इंजेक्टर उघडू-मिटू लागले, आकडा १.१. इंजिन तापत गेलं. १.८. मामांनी अॅक्सिलरेटर दाबून धरला. २.६, ३.४, आणि मग पॅनेलवर पिवळा दिवा, ब्रेक, स्टिअरिंग, तांबडा त्रिकोण.

इंजिन चालूच होतं. ईसीएम मेला नव्हता. तो बोलतही होता.

प्रत्येक कॉम्प्युटर दाब मोजतो तो आपल्या पायाखालच्या जमिनीपासून. ईसीएमचा अर्थ कच्चा झाल्यावर त्याची जमीनच तीन-चार व्होल्टनं वर उचलली गेली. त्याच्या हिशेबानं तो अडीचवरून साडेतीनवर जात होता, अगदी नियमानं. बाकीच्यांच्या हिशेबानं तो सहा-सातवरून ओरडत होता. असा फरक दोनेक व्होल्टपर्यंत सगळे चालवून घेतात. त्यापुढे त्याचं बोलणं त्यांना लागेना. त्याची वही कोरी होती ती याच कारणानं. त्याचं शून्य सरकलं होतं, आणि शून्य सरकलेल्याला ते आतून कळायला मार्ग नसतो. खंबाटकीच्या चढाला इंजिनवर भार यायचा तेव्हाच तार जास्त तापायची. दहा मिनिटं विसावा मिळाला की निवायची.

नारिंगी तारांखाली

ईसीएमची अर्थची वायर इन्व्हर्टरच्या खालून जाऊन चासीला बोल्टनं आवळलेली होती. वरून दोन जाड नारिंगी केबली. सगळ्या हायब्रिडमध्ये जास्त दाबाची केबल नारिंगी असते, आणि ती दिसली की मामा बदलतात. अंगठी काढली, घड्याळ काढलं. गाडी बंद, किल्ली लांब टेबलावर. छोट्या बॅटरीची मायनस काढली. मग रबरी हातमोजे, एक हजार व्होल्टचे. आधी ते मनगटापासून गुंडाळत हवा कोंडून पाहिले, कुठं भोक नाही ना. मागच्या बाजूचा सर्व्हिस प्लग ओढून काढला आणि चक्क खिशात टाकला. “कामात असताना कुणी शहाणा परत लावायला नको.” मग दहा मिनिटं नुसतं बसणं. इन्व्हर्टरमधल्या कपॅसिटरची वीज उतरायला तेवढा वेळ द्यावा लागतो. शेडमध्ये रेडिओ होता, तोही पोरानं बंद केला.

इन्व्हर्टरखालच्या पत्र्यावर उंदराचं घर होतं. पिशवीच्या चिंध्या, शेंगांची टरफलं, कुणाच्या तरी पूजेतली अर्धी खारीक. उंदराचे दात जन्मभर वाढत राहतात, कुरतडून झिजवले नाहीत तर त्याचीच अडचण, म्हणून खाण्याशी संबंध नसला तरी तो वायर चावतो. इथं त्यानं फार काही केलं नव्हतं. अर्थच्या वायरीचं कव्हर थिंबलजवळ नखभर सोललं होतं, बस्स. बाकीचं काम दोन पावसाळ्यांनी केलं. पाणी आत उतरलं आणि कव्हरच्या आतल्या आत सरकत गेलं.

मामांनी कात्रीनं कव्हर उभं चिरलं. तांबं नव्हतंच. हिरवट, ओलसर भुकटी. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात दही राहिलं की कळकतं, त्याच रंगाची. वीतभर आतपर्यंत ती होती आणि मधोमध दोन-तीन तंतू अजून लालसर. मीटरचा ‘पीं’ त्यांचा.

सडका भाग छाटला. शुद्ध तांबं लागेपर्यंत मागे जायचं, त्यात कंजुषी नाही. त्याच जाडीची नवी वायर, नवं थिंबल, दाबून क्रिंप, वर गोंदाची श्रिंक ट्यूब. चासीवरचा रंग खरवडून बोल्ट आवळला, वर ग्रीस. काम पाऊण तासाचं. शोधायला दीड दिवस गेला होता.

डबा बदलण्याची घाई

ईसीएम कधीच खराब होत नाही असं नाही. पाण्यात बुडालेल्या गाडीचा जातो. जम्प देताना प्लस-मायनस उलटे लावले तर जातो. पण तो दाराशी उभा असलेला पहिला आरोपी नव्हे, आणि त्याला बदलणं म्हणजे डबा काढून डबा बसवणंही नव्हे. नव्या ईसीएमची किल्लीच्या चोरीबंद यंत्रणेशी ओळख करून द्यावी लागते, नाहीतर गाडी चालू होत नाही. म्हणून कुर्ल्याच्या भंगार बाजारातून जुना आणून लावला तर तो वायरीवर बोलतो, पण घरचे त्याला दार उघडत नाहीत.

माझा राग मात्र त्या कागद देणाऱ्या पोरावर निघेना. त्याच्याकडे दिवसाला इतक्या गाड्या उरकायच्या असतात. कोड दिसला, पुस्तकात नाव सापडलं, पार्ट मागवला. नव्या पार्टला वॉरंटी मिळते. बल्ब लावून मिणमिण बघत बसलेल्या तासाला बिलात रकाना नसतो. मामांच्या बिलात आहे. ते ‘शोधणे’ असं वेगळं लिहितात आणि त्यावर घासाघीस होऊ देत नाहीत. बाईंच्या बिलात ‘शोधणे’ मोठं होतं, ‘वायर, थिंबल, ट्यूब’ एवढंसं. बाईंनी चष्मा लावून दोन्ही आकडे वाचले आणि म्हणाल्या, “शुद्धलेखन चांगलं आहे तुमचं.”

मामा लाजले. मी ते पहिल्यांदा पाहिलं.

कात्रजचा जुना घाट

चढावर नेल्याशिवाय गाडी द्यायची नाही, हा मामांचा नेम. बाईंनी आपणच चालवणार म्हणून सांगितलं. शेजारी मामा, मागे मी आणि मांडीवर लॅपटॉप घेतलेला पोरगा. मीटरची लांब वायर अजून खिडकीतूनच आत आलेली, काचेत चिमटलेली. पाऊस नुकता थांबला होता.

सपाटीला ०.०२. घाट लागला, इंजिन जागं झालं. ०.०४. दुसऱ्या वळणावर पुढे एक ट्रॅक्टर, म्हणून बाईंनी वेग कमी केला, मग पाय दाबून त्याला मागे टाकलं. ०.०५. बोगद्याच्या तोंडापर्यंत आकडा तिथंच.

“बोलतोय का आता तो?” बाईंनी आरशातून विचारलं.

“बोलतोय,” पोरगा पडद्यावरून मान वर न करता म्हणाला. “सेकंदाला शंभर वेळा.”

“मग राहू दे. दिवे लागले तर सांग.” बाईंनी बोगद्यात हेडलाइट लावले आणि माझ्याकडे न बघताच पुढे म्हणाल्या, “ती खारीक माझ्याच सत्यनारायणाची होती. श्रावणातली. म्हणजे गेल्या वर्षीपासून राहतोय मेला.”